दाजींच्या खिशात टिकलं तेच खरं फिनिश: लाकडी पेनासाठीच्या सीए किटचा वर्षभर वापरून रिव्ह्यू

दिवाळीत दाजींना मी लेथवर केलेला बाभळीचा पेन दिला होता. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी-आंबील चालू असताना त्यांनी तो खिशातून काढला अन माझ्या पुढ्यात ठेवला, बोलले काहीच नाहीत. अंगठा टेकतो तिथली सगळी चकाकी गेलेली, बोटभर जागा मेणचट पांढरट झालेली, क्लिपच्या खाली जिथं हात लागतच नाही तेवढीच चमक शिल्लक. ताई म्हणाली, "दोन महिने बी नाही टिकलं की रे तुझं पॉलिश." आता यावर काय बोलणार, उंडा तोंडात होता, गप खाल्ला.

त्या पेनाला मी लाखेचं पॉलिश मारलं होतं. गोलाईतून चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, आणायचा (लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या हार्डवेअरच्या गल्लीत अजून सुटा चपडा मिळतो), स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचा, तेवढंच डबल बॉइल जवसाचं तेल टाकायचं, अन लेथ फिरत असताना फडक्यानं दाबून घासायचं. घासण्याच्या गरमीनं स्पिरिट उडून जातं, लाख बसते, दहा मिनिटात पेन असा चमकतो की फोटो काढून स्टेटसला टाकावा. मी टाकलाच होता. पण लाख ही स्पिरिटमध्येच विरघळते ना, अन दाजींच्या ऑफिसच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली कायम, कोरोना गेला पण सवय नाही गेली. म्हणजे माणूस दिवसातून चार वेळा माझं पॉलिश स्वतःच्या हातानं पुसून काढायला लागला होता अन त्याला बी माहीत नाही अन मला बी नाही. वरून हाताचा घाम, शर्टाचा खिसा, गाडीवरचं ऊन. लाख गरमीनं पण मऊ पडते. टेबलावर ठेवायच्या डबीला चालेल, रोज हातात राहणाऱ्या वस्तूला अवघड.

म्हणून मग ऑनलाइन सीए फिनिशिंगचा किट मागवला. सीए म्हणजे सायनोअॅक्रिलेट, सोप्या भाषेत आपला तो बोटं चिकटवणारा इन्स्टंट ग्लू. हो, तोच. तोच ग्लू पातळ थर देत देत लाकडावर चढवायचा अन नंतर घासून काचेसारखा करायचा, जगभरातले पेन करणारे हेच करायलेत. अमेरिकेत १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमाला लागणारं पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हॅरी कूवर नावाच्या माणसाच्या हाती हे रसायन लागलं अन सगळ्यालाच चिकटतंय म्हणून बाजूला ठेवलं होतं, नंतर कोडॅक कंपनीनं १९५८ मध्ये ग्लू म्हणून विकायला काढलं. ज्याला वैताग म्हणून टाकून दिलं त्याच्यासाठी मी १६५० रुपये मोजले.

किटमध्ये आलं काय तर पातळ ग्लूची एक बाटली, मध्यम जाड ग्लूची एक बाटली, अॅक्सिलरेटरचा स्प्रे, घासायचे नऊ रंगाचे नऊ पॅड, प्लॅस्टिक पॉलिशची छोटी बाटली अन एक कागद ज्यावर बारीक इंग्रजीत सहा ओळी. त्या कागदाच्या भरवशावर राहू नका. त्यात दोन सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी लिहिलेल्याच नाहीत, त्या मी चटका खाऊन शिकलो, एक तर खरोखरचा चटका.

झालं असं की कागदावर लिहिलं होतं फडक्यानं लावा. मी जुन्या बनियनचा तुकडा घेतला, कारण आपल्याकडं पॉलिश म्हणलं की बनियनच. त्यावर ग्लू जरा जास्त पडला अन दोन सेकंदात बोट भाजायला लागलं, फडक्यातून धूर. कापूस अन हा ग्लू एकत्र आले की जोरात गरमी निघते, हे नंतर कळलं. परभणीच्या मित्राला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसायला लागला, म्हणला, "अख्खा मराठवाडा कापूस पिकवायलाय अन तुला एवढं माहीत नाही व्हय." तर कापसाचं फडकं नाही, सुती हातमोजे नाही, कापसाचा बोळा तर अजिबात नाही. जेवणाच्या टेबलावरचा टिश्यू पेपर घडी घालून वापरा, कमी ग्लू घ्या, हातात नायट्राइलचे मोजे घाला. अन डोळ्याला चष्मा. याची वाफ डोळ्यात अन नाकात जबरदस्त झोंबते, तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, वाफ रुमालातून येतेच. मी शेडचं दार उघडं टाकून पाठीमागून टेबल फॅन लावतो, म्हणजे वाफ माझ्यापासून लांब जाते.

दुसरी गोष्ट बुशची. पेनाचं लाकूड पितळी नळीवर चिकटवून मँड्रेलवर, म्हणजे लेथच्या दांड्यावर, चढवतात अन दोन्ही कडांना लोखंडी बुश, म्हणजे मापाच्या कड्या असतात, त्या मापापर्यंत लाकूड उतरवायचं. आता त्याच बुशवर ग्लू ओघळला की लाकूड अन बुश एकच होऊन जातं. मी ओढून काढलं अन कडेचा तांदळाएवढा तुकडा फिनिशसकट निघाला. आता फिनिश मारताना लोखंडी बुश काढून प्लॅस्टिकचे कोन लावतो, पॉलिथिनला हा ग्लू धरत नाही. ज्यांच्याकडं नाहीत त्यांनी बुशला मेणबत्ती घासावी अन काढायच्या आधी सांध्यावर ब्लेडनं गोल रेघ मारून घ्यावी, मग हळूच मुरगळावं.

आता किटबद्दल खरं सांगायचं तर ग्लू हा अर्धाच विषय आहे. त्याच्या आधीचं घासणं नीट नसेल तर दोन हजाराचा किट आणा की पाच हजाराचा, चमकणारे ओरखडे मिळतील, बस. कारण हा थर काचेसारखा असतो, खालचं सगळं दाखवतो, उलट जास्तच दाखवतो. मी १५० नंबरच्या सँडपेपरनं सुरू करतो, मग २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ बंद करायचा अन त्याच पेपरनं लांबीच्या दिशेनं चार हात मारायचे, कारण फिरताना घासलं की गोल गोल रेघा पडतात अन त्या डोळ्याला लगेच दिसतात. हे मला आमच्या गल्लीतल्या सुतार मामांनी सांगितलं, ते पेन करत नाहीत, दारं-खिडक्या करतात, पण घासणं तर घासणंच. मग धूळ पुसायची. बाभळीला नुसतं पुसलं तरी चालतं. सागवान असेल तर अॅसिटोननं पुसून घ्या, सागवानात तेल असतं अन तेलावर ग्लू नीट धरत नाही, महिन्या-दोन महिन्यानं पापुद्रा सुटतो.

माझ्याकडं लाकूड दोन जागचं आहे. एक आज्याच्या बैलगाडीच्या चाकाचे आरे, बाभळीचे, पन्नास-साठ वर्षं ऊन-पाऊस खाऊन लोखंडासारखे झालेले. दुसरं गावातलं माळवद पाडलं तेव्हाची सागवानी तुळई. दोन्ही इतकी वाळलेली आहेत की आता हलायचं काही राहिलं नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण ओल्या लाकडावर हा ग्लू मारायच्या भानगडीत पडू नका. एका दोस्तानं नुकत्याच तोडलेल्या लिंबाचा तुकडा दिला होता, मार्चमध्ये पेन केला, सुंदर, मेमध्ये लाकूड आक्रसलं. आतली पितळी नळी काय आक्रसत नाही, मग लाकूड उभं फाटलं अन त्याच्यासोबत वरचा थर पण. त्यात ग्लूची काही चूक नाही, पण बघणारा फिनिशलाच नावं ठेवतो.

ग्लू चढवायची माझी पद्धत आता अशी बसलीय: लेथ एकदम हळू, मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे. आधी पातळ ग्लूचे दोन हात, हे लाकडात जिरतात अन छिद्रं बंद करतात. मग मध्यमचे आठ. टिश्यूवर दोन-तीन थेंब, खालून टेकवायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं अन उचलायचं. परत मागं जायचं नाही!! मागं गेलं की टिश्यू चिकटतो अन त्याचे धागे कायमचे आत राहतात. आणि हो, लाईट. मधेच लाईट गेली, लेथ थांबला, टिश्यू पेनाला चिकटून बसला, असं माझं दोनदा झालंय, म्हणून आता लाईट जायची वेळ बघूनच बसतो.

अॅक्सिलरेटरचा स्प्रे किटमध्ये कशाला दिलाय हे मला अजून कळलं नाही. म्हणजे कळलंय, ग्लू पटकन वाळावा म्हणून, पण घाईनं वाळवला की आत बारीक बुडबुडे येतात अन धुकट पांढरा पडतो. अर्ध्या फुटावरून उभ्या-उभ्या मारलेल्या दोन फवाऱ्यात एक पूर्ण पेन वाया गेला, सगळं परत उतरवलं. मारायचाच असेल तर हात लांब ठेवून, अन नुसता वास लागेल एवढाच. मी तर आता वापरतच नाही, प्रत्येक थराला दोन-चार मिनिटं देतो, तेवढ्यात चहा होतो.

इथं आपल्या हवेचा मुद्दा येतो, अन हा तुम्हाला कुठल्या परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. हा ग्लू वाळतो तो हवेतल्या ओलीनं, उन्हानं नाही. मला वाटायचं मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला झटक्यात वाळंल. उलटंच. मेमधली आपली हवा इतकी कोरडी की थर चिकटचिकट राहायचा, बोट लावलं की ठसा. मग कोणीतरी सांगायच्या आधी मलाच सुचलं की शेडमध्ये कूलर लावावा. तोंड भिंतीकडं करून, पेनावर थेट वारा नको. खोलीत ओल आली अन ग्लू सुतासारखा सरळ वागायला लागला. ऑगस्टमध्ये बरोबर उलटी गंमत, झड लागलेली असताना थर लावताक्षणी वाळतो अन वर पांढरी भुरी येते. भुरी वरवरची असली तर घासून जाते, थरांच्या मधी अडकली तर गेली कामातून. तर पावसाळी दिवसात पातळ थर लावा अन झडीच्या दिवशी लावूच नका. मला विचाराल तर दिवाळी ते होळी हा सगळ्यात बेस्ट सीझन.

बाटलीबद्दल पण हेच. पहिल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली मध्यमची बाटली महिन्याभरात मधासारखी घट्ट झाली, फेकून दिली. आता फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात, सोबत बुटाच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या. वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवायची, थंड बाटली लगेच उघडली की आत दव धरतं अन तिथंच जमायला लागतं. बायकोनं डब्यावर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहून चिकटवलंय, बरोबरच आहे, शेजारीच लोणच्याची बरणी.

आता नऊ पॅड. किटमधली ही एकच गोष्ट अशी आहे की पैसे वसूल. १५०० पासून १२००० पर्यंत नंबर, पण या नंबरला भुलू नका, ही वेगळी मोजणी आहे, यातला १५०० म्हणजे आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या ४००-५०० च्या पेपरच्या जवळपास. म्हणून आधी ४०० अन ६०० चा पेपर कोरडाच मारून थर सपाट करायचा. सपाट झाला का हे कसं ओळखायचं, तर ट्यूबलाइटखाली धरून बघा, घासलेला भाग दुधाळ दिसतो अन खोलगट राहिलेल्या जागा ठिपक्यासारख्या चमकतात. एक पण चमकता ठिपका राहिला नाही पाहिजे. तो राहिला की वर कितीही पॉलिश करा, पेन तिरका धरला की संत्र्याच्या सालीसारखं दिसणार. पण जास्त पण घासू नका, विशेषतः कडांना, तिथं थर सगळ्यात आधी संपतो अन उघडं लाकूड लागतं. मला वाटतं नव्या माणसाचे निम्मे पेन कडेलाच मरतात.

मग पॅड पाण्यात भिजवून एकेक, १५००, १८००, २४००, असं चढत जायचं, प्रत्येकानंतर पुसायचं. पाणी वाटीभर पुरतं (२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव आहे, वाटीभर म्हणजे वाटीभरच). एक काळजी, पेनाची दोन्ही टोकं आधी पातळ ग्लूनं बंद करा, नाहीतर उघड्या टोकातून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं अन कडेला पांढरी कड येते. आज्याच्या आऱ्याचा एक तुकडा मी असाच घालवला, दुसरा कुठला तुकडा असता तर वाईट वाटलं नसतं. आठ हजाराच्या पॅडपर्यंत येता येता पेनात ट्यूबलाइटची सरळ रेघ दिसायला लागते. बारा हजारानंतर तर स्वतःचं नाक.

किटमधलं प्लॅस्टिक पॉलिश ठीक आहे, वाईट नाही, पण चार पेनात संपलं. त्याच्या जागी गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून बारीक पॉलिशिंग कंपाउंड आणलं, तेच काम करतं अन डबी संपतच नाही. वरून कार्नोबा मेण लावायचं तर लावा, छान लागतं हाताला, पण ते मेण आहे, चार दिवसाचं सोबती.

बाकी पर्याय पण करून बघितले, थोडक्यात. फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडून गनने मेलामाइन मारून घेतलं पाच पेनांना, त्याच्या सोफ्याच्या कामात माझे पेन पण टांगले, चमक मस्त, टिकाऊ पण, पण कडेला जाड थर बसला अन पेनाचा मधला सांधा फिरवताना कचकचायला लागला, अन वास आठवडाभर गेला नाही. पीयू (पॉलीयुरेथेन) अजून एकाच पेनावर केलंय, सुकायला अन पक्कं व्हायला दिवस लागतात, तोपर्यंत धूळ बसते, आपल्याकडं धूळ नाही असा कोपरा दाखवा मला. दुकानातली पाच-दहा रुपयांची ग्लूची ट्यूब चालते का, हे सगळे विचारतात. चालते, रसायन तेच आहे, पण एका पेनाला सात-आठ ट्यूबा फोडायच्या, प्रत्येकीचं तोंड मधेच बंद, अन जाडी निवडता येत नाही. एखादा पेन करून बघायला हरकत नाही.

तक्रार आहे ती पण सांगतो. हे फिनिश हाताला लाकूड वाटत नाही. सुतार मामांना पहिला चांगला जमलेला पेन दाखवायला नेला, त्यांनी चष्मा वर केला, फिरवून बघितला, नखानं टकटक केलं अन म्हणाले, "लई भारी झालाय बाळा, पण हे लाकूड हाय का प्लॅस्टिक?" राग आला तेव्हा, पण चूक काय म्हणले ते. आत बाभळीच्या लाल-काळ्या रेघा झकास दिसतात, पाण्यात बुडवल्यासारख्या, पण बोटाला लागतो तो ग्लूच. अन एकदा का फरशीवर पडून टवका उडाला की लाखेसारखं वरून एक हात मारून भागत नाही, नीट दिसायला सगळं उतरवून परत. म्हणून माळवदाच्या सागवानाचा जो पेन मी माझ्यासाठी केलाय त्याला लाखच मारलीय. दोन-तीन महिन्यांनी मळतो, परत दहा मिनिटं लेथवर घालतो, झालं. त्याला अजून बी घराचा वास येतो, खरं का मनाचं माहीत नाही.

पण दुसऱ्याला द्यायचा पेन असेल तर मी आता सीएच करतो. आमच्या लातूरला निकाल लागला की पोरं सरांना पेन देतात, गेल्या जूनमध्ये असे अकरा पेन गेले, अन घेणाऱ्याला तुम्ही सांगू शकत नाही की सर, हात सॅनिटायझरनं पुसू नका, खिशात ठेवून उन्हात जाऊ नका. वस्तू दिली की ती त्याची, तो कशी बी वापरंल.

किटला पाचपैकी साडेतीन. पॅडला पाच, पातळ ग्लूला साडेचार, मध्यमला चार, त्याचं झाकण दोन वापरात चिकटून बसलं म्हणून एक कापला, स्प्रेला शून्य, कागदाला त्याहून कमी. दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तेव्हा मी अख्खा किट नाही घेतला, दोन बाटल्या अन पॅड वेगवेगळे मागवले, चारशे रुपये वाचले. नऊ पॅड धुऊन-वाळवून ठेवले तर वीस-पंचवीस पेन सहज जातात, पहिले दोन लवकर झिजतात तेवढं.

अन दाजींचं. तोच बाभळीचा पेन मी लाख उतरवून सीएनं परत केला अन संक्रांतीला तिळगुळासोबत देऊन आलो. परवाच्या येळवशीला मुद्दाम मागून घेतला बघायला. जवळजवळ वर्ष झालं, रोज सह्या, तीच सॅनिटायझरची बाटली, एक अख्खा मे महिना खिशात. अंगठ्याच्या जागी बारीक ओरखडे आहेत, ट्यूबलाइटखाली धरलं तरच दिसणारे, बाकी लाकूड दिलं त्या दिवशीसारखं. मी खुश होऊन ताईला दाखवायला गेलो तर दाजी पहिल्यांदा बोलले, "ते ठीक हाय हो, पण ही क्लिप बघा की." क्लिपचा क्रोम पार गेलाय, खालचं पितळ पिवळं दिसायलंय, टोकाची रिंग बी तशीच. म्हणजे आता चांगल्या प्लेटिंगचे पार्ट शोधणं आलं. कोणाला माहीत असेल तर सांगा, सात एमएमच्या नळीत बसणारे पाहिजेत.